खालची पट्टी

शिवकांताने सीडी पदराच्या टोकाने पुन्हा एकदा पुसली, मशीनच्या तोंडात सरकवली आणि मागे होऊन बसली. टीव्हीचा पडदा निळा झाला, मग काळा झाला आणि काळाच राहिला. त्या काळोखातून एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखा.

"पाणी," आवाज म्हणाला. जरा थांबून पुन्हा, "पाणी."

शिवकांताचा नवरा विश्वेश्वर उठला. त्याने टीव्हीच्या मागे हात घालून वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत खोचली.

"आई," आवाज म्हणाला. "बाबा. भाऊ. बहीण."

टीव्हीसमोर त्यांची रुचिका मांडी घालून बसली होती. सात वर्षांची. तिच्यापर्यंत तो आवाज पोचत नव्हता. जन्मल्यापासून कुठलाच आवाज पोचला नव्हता. तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग पुढे सरकून काचेवर तळहात ठेवला. थोड्या वेळाने ती उठली आणि टीव्हीच्या मागे डोकावून आली.

"ही नुसती बोलायलीय की," बाजेवरून विश्वेश्वरचे वडील चन्नप्पा म्हणाले. "पोरीला ऐकू आलं असतं तर सीडी कशाला लागली असती?"

आवाज आपला एकामागून एक शब्द सांगत राहिला. शिवकांताने मशीन बंद केलं तेव्हा तो 'सूर्य' म्हणत होता.

सिरसाळ्याच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. रुचिका दीड वर्षाची असताना दुकानात पितळी घागरींची चळत कोसळली होती. रस्त्यावरची माणसं धावत आली, समोरचा शिंपी मशीन सोडून आला, आणि रुचिका हातातल्या उलथन्यात आपलं तोंड बघत बसली होती. त्या दिवशी सगळ्यांना कळलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी पुढे फक्त कागदावर लिहून दिलं. कानाला लावायचं मशीनही मिळालं, पण ते लावलं की रुचिका कान ओरबाडायची. गावच्या शाळेत ती एक वर्ष शेवटच्या रांगेत बसून आली. गुरुजींनी तिला रोज पाटीवर फूल काढायला दिलं.

बीडला मूकबधिर मुलांची शाळा होती, वसतिगृह होतं. विश्वेश्वरने दोनदा विषय काढला. शिवकांता दोन्ही वेळा उठून आत गेली. तिसऱ्यांदा मात्र ती म्हणाली,

"तहान लागली तर सांगता येत न्हाई तिला. पोट दुखलं तर कुठं दुखतंय ते येत न्हाई. असं लेकरू परक्या जागी ठिवायचं कसं?"

मग बीडच्या एका शिबिरात तिला ते टेबल दिसलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं होतं. टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर निळ्या साडीतली एक बाई. बाई एक शब्द तोंडाने म्हणायची आणि तोच शब्द हातांनी करून दाखवायची. रुचिका त्या टेबलासमोर उभी राहिली ती हललीच नाही. शिबिरातले लोक जेवायला गेले, मांडवातल्या खुर्च्या उचलायला लागले, तरी नाही. शिवकांता तिला ओढून न्यायला गेली तेव्हा तिला दिसलं की रुचिकाचे हात फ्रॉकच्या बाजूला आपोआप हलत होते. पडद्यावरच्या बाईसारखे.

सहा सीडींचा तो संच त्यांनी तिथेच घेतला. डब्यावर सगळं इंग्रजीत होतं. ते फक्त कॉम्प्युटरवर चालतं हे घरी आल्यावर, टीव्हीच्या मशीनने सीडी दोनदा थुंकल्यावर कळलं.

गावात कॉम्प्युटर होते ते स्टँडजवळ नवनाथच्या क्लासमध्ये. नवनाथ सरळ माणूस. त्याने सीडी लावली तर पडद्यावर एक चौकट आली आणि नंबर मागू लागली. त्याने पुण्याला फोन लावला. तिकडून सोळा आकडे सांगितले, ते त्याने एकेक करून भरले, आणि निळ्या साडीतली बाई उघडली. त्या दिवसापासून ती बाई त्या एकाच कॉम्प्युटरची झाली. शेजारच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं तर चौकट पुन्हा नंबर मागायची, आणि जुना नंबर घ्यायची नाही.

महिनाभर शिवकांता दुपारच्या वेळी रुचिकाला घेऊन क्लासमध्ये जात राहिली. दुपारीच लाइट जायची. लाइट असली तर क्लासमधली पोरं असायची, आणि एक बाई व तिची मुकी लेक हातवारे करताहेत हे बघायला ती माना वळवून बसायची. एकदा एकाने मागून तसेच हात करून दाखवले. रुचिकाला वाटलं, तो आपल्याशी बोलतोय. तिने हसून त्याला 'पाणी' करून दाखवलं. सगळी पोरं खिदळली. रुचिकाही हसली. शिवकांता तिचा दंड धरून घरी आली आणि नंतर आठ दिवस गेलीच नाही.

नवनाथ एके सकाळी आपण होऊन दुकानावर आला.

"वैनी, सरकारी परीक्षेचा कोर्स सुरू व्हायलाय माझ्याकडं. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत एक मशीन रिकामं राहणार न्हाई. तुमाला घरच्या टीव्हीवर चालंल असं काहीतरी करून देतो."

त्याने आधी सीडीतली चित्रं तशीच दुसऱ्या सीडीवर उतरवून पाहिली. उतरली नाहीत. मग त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे दिसतं ते उतरवून घेणारा एक प्रोग्रॅम परळीहून आणला. तो रात्रभर चालवला. त्याचीच ती काळी सीडी. आवाज तेवढा आला. जिथे बाई होती ती जागा काळी.

दुसऱ्या दिवशी शिवकांता सीडी घेऊन क्लासमध्ये गेली तेव्हा नवनाथ डोकं खाजवत बसला.

"कुलूप घातलंय त्यांनी," तो म्हणाला. "चित्राला. आवाजाला घालायचं त्यांच्या ध्यानात आलं नसंल."

"त्यांनाच फोन लावा," शिवकांता म्हणाली. "मी बोलते."

पलीकडे एक मुलगी होती. गोड बोलत होती. शिवकांताने सगळं सांगितलं. घरी टीव्ही आहे, कॉम्प्युटर नाही, पोरीला घरी शिकवायचं आहे, टीव्हीवर चालणाऱ्या सीडी द्या, या परत घ्या. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तसा संच कंपनी काढत नाही.

"मग हाय त्याच्यावरून टीव्हीपुरती करून घ्यायची परवानगी द्या. आमी कुणाला दिणार न्हाई."

"मॅडम, तशी परवानगी नाही देता येत."

"कावून? इकत घेतल्यात आमी."

"सीडी तुमचीच आहे, मॅडम," मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली. "आतलं कंपनीचं आहे."

शिवकांताने फोन नवनाथच्या हातात दिला. टेबलावर तो सहा सीडींचा डबा होता. तिने तो उचलून पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड पिळून धरलं.

घरात कॉम्प्युटर घेण्याची गोष्ट एकदाच निघाली. विश्वेश्वरने दुकानाच्या गळक्या छताकडे पाहिलं. ती गोष्ट तिथेच मिटली.

वाट काढली ती शहादेवने. शहादेव लग्नाचा शूटिंगवाला. सिरसाळ्यातल्या आणि आजूबाजूच्या पंचवीस गावांतल्या लग्नांच्या सीडी त्याच्या हातच्या होत्या. लग्नात आंदण द्यायची भांडी घ्यायला माणसं आली की हाही त्यांच्याबरोबर दुकानात यायचा. शिवकांताचं बोलणं ऐकून तो हसला.

"वैनी, डोळ्याला दिसतंय ते कॅमेऱ्याला दिसतंय. कॉम्प्युटरनं कितीबी कुलपं घालू द्या. मी समोर स्टँड लावतो अन् बाईची शूटिंग घेतो. नवरीची घेतो तशी."

रविवारी क्लासला सुट्टी असायची. नवनाथने खिडक्यांना चादरी लावल्या. शहादेवने कॅमेरा स्टँडवर चढवला, डोळा लावला आणि मान वर केली.

"पडदा फडफडायलाय जरा. काळा पट्टा वर सरकायलाय. पण दिसंल."

"दिसू द्या कसंबी," शिवकांता म्हणाली.

बाईचे हात चालू लागले. शिवकांता कॅमेऱ्याशेजारी उभी होती. पडद्याच्या तळाशी एक पट्टी होती. तिच्यावर कंपनीचं नाव आणि नवनाथच्या मशीनचा नंबर सारखा झळकत होता. परळीत मागच्याच महिन्यात सीडीच्या एका दुकानावर पोलिसांनी धाड घातली होती. दुकानदाराला हात धरून जीपमध्ये बसवताना सगळ्या बाजाराने पाहिलं होतं. शिवकांताला ते आठवलं.

"भाऊ, ही खालची पट्टी येऊ दिऊ नका," ती म्हणाली. "नाव हाय त्याच्यावर. उद्या कुणी बघितलं तर तुमा दोघांवर काही यायला नको."

शहादेवने कॅमेरा जरा जवळ घेतला. पट्टी गेली. तिच्याबरोबर बाईच्या पोटाच्या खालचा भागही गेला, पण बाई तोंडाने काय म्हणते आणि हात कसे उचलते ते दिसत होतं. दोन रविवार गेले. आठशे शब्द झाले. शहादेवने त्या शूटिंगच्या, टीव्हीवर चालणाऱ्या पाच सीडी करून आणल्या आणि मोबदल्याचं नाव काढल्यावर हात जोडले.

पहिल्या संध्याकाळी बाई घरच्या टीव्हीवर आली तेव्हा रुचिका उभी राहिली. तिने आईकडे बोट केलं, बाईकडे बोट केलं, आणि नाचायलाच लागली.

चित्र धड नव्हतं. काळा पट्टा बाईच्या पोटापासून डोक्यापर्यंत चढत जायचा आणि पुन्हा खालून सुरू व्हायचा. हात जोरात हलला की त्याचे चौकोनी तुकडे पडायचे. हात एका जागी अडकायचा, मग एकदम दुसऱ्या जागी दिसायचा. पण माय-लेकींनी त्याच्याकडे कधी दोष म्हणून पाहिलं नाही. रोज दिवेलागणीनंतर त्या टीव्हीसमोर बसत. बाई करायची, रुचिका करायची, शिवकांता करायची. रुचिका आईपेक्षा लवकर शिके. आईचं चुकलं की ती आईची बोटं धरून नीट करायची, अगदी पडद्यावर दिसतं तशी.

संक्रांतीच्या सुमारास एके दुपारी शिवकांता भाकरी थापत होती. रुचिका समोर येऊन बसली. तिने दुकानाकडे बोट केलं. मग 'जेवण' केलं. मग हात हलवून 'नाही' केलं, आणि भुवया उंचावून आईकडे बघत राहिली. शिवकांताचे पिठाचे हात तसेच थांबले. बाबा अजून जेवायला आले नाहीत का, असं पोरगी विचारत होती. सात वर्षांत तिने पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं.

तव्यावरची भाकरी करपली. शिवकांताने पिठाच्याच हातांनी सांगितलं. येतील, आत्ता येतील.

पुढे रुचिका सारखी विचारू लागली. ऊन कुठे जातं, कुत्रं का झोपलं, आजोबांना दात का नाहीत. चन्नप्पांना हे हातवारे आधी पटत नव्हते. अशाने पोर तोंडानं बोलायची ती कधीच बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण एके दिवशी बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी दोन बोटांनी कपासारखं काहीतरी केलं, आणि रुचिकाने आत धावत जाऊन आईला 'चहा' करून सांगितलं. म्हाताऱ्याने चहा बशीत ओतला, फुंकला, आणि त्या दिवसापासून चहा तोंडाने मागणं सोडून दिलं.

वैशाखात शिवकांताच विश्वेश्वरला म्हणाली,

"आता पाठवू तिला बीडला. तहान लागली तर सांगता येतंय. दुखलं तर सांगता येतंय. आता लेकरू एकटं न्हाई."

जूनमध्ये ते तिघं एसटीने बीडला गेले. वसतिगृहाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींच्या ट्रंका ओळीने मांडल्या होत्या. कौशल्याबाई नावाच्या शिक्षिका दाखल्याचे कागद बघत होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवून रुचिकाला हातांनी काहीतरी विचारलं. रुचिका त्यांच्या हातांकडे टक लावून बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश. मग रुचिकाने सुरुवात केली. आपल्या घराबद्दल, बाबांच्या दुकानाबद्दल, कुत्र्याबद्दल. तिचा हात उठायचा, मध्ये अडकायचा, थरथरायचा, मग झटक्याने पुढच्या जागी जायचा. प्रत्येक शब्दाला असंच.

कौशल्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हिला झटके येतात का?" त्यांनी विचारलं. "काही औषध चालू आहे?"

"न्हाई," विश्वेश्वर म्हणाला. "तब्येतीनं एकदम चांगली हाय."

शिवकांता पुढे झाली. पोरीला काय म्हणायचं आहे ते बाईंना कळलं नसेल म्हणून तिने तेच हातांनी करून दाखवलं. बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे.

"तुम्ही दोघी कुठं शिकलात हे?"

शिवकांताने सांगितलं. शिबिर, सीडी, नवनाथ, शहादेव, काळा पट्टा, सगळं. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटत होता. कौशल्याबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "लहान आहे. बदलेल."

काय बदलेल, हे शिवकांताने विचारलं नाही. निघायची वेळ झाली होती. ती रुचिकासमोर उकिडवी बसली. तिने छातीपासून हात उचलून पुढे नेला. रुचिकाने मान हलवली. रडली नाही. शिवकांता उठून फाटकापर्यंत आली तेव्हा कौशल्याबाई मागून आल्या.

"तुम्ही तिला आत्ता काय सांगितलंत?"

"येते म्हणलं. परत येते."

बाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी तसाच हात छातीपासून पुढे नेला. पण त्यांचा हात तिथे थांबला नाही. तो खाली वळला, पोटाच्याही खालून, आणि पुन्हा अंगाकडे परत आला.

"हे 'येते'," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवढं केलंत तेवढं म्हणजे 'जाते'."

शिवकांताने त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो जिथून वळला होता ती जागा पाहिली. पदराच्या काठाच्या खाली, कमरेपाशी. तिथेच ती पट्टी होती.

"असं कितींचं झालं असंल?" तिने विचारलं.

"जे खाली संपतात त्या सगळ्यांचं."

"पण तिला कळतंय, बाई. मी येते म्हणलं, ते कळलं तिला."

"आज कळलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "आम्ही तिला इथं बरोबर शिकवणार ना. दोन महिन्यांत तिला कळेल की तुम्ही 'जाते' म्हणाला होतात."

शिवकांता परत फिरली. पण शेडमध्ये मुली रांगेने जेवायला निघाल्या होत्या. रुचिका रांगेत होती, तिची पाठ इकडे होती. हाक मारून उपयोग नव्हता. फाटकावरच्या माणसाने कडी लावून घेतली.

एसटीत विश्वेश्वर शेंगा घेऊन आला. तिने घेतल्या नाहीत.

"अगं, शिकंल ती. त्याच्यासाठीच ठिवलं ना?"

"मीच म्हणलं होतं शहादेवभाऊला," ती म्हणाली. "ती पट्टी येऊ दिऊ नका म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहा सीडींचा मूळ डबा घेऊन नवनाथकडे गेली. बाई पूर्ण दिसते ती या डब्यात. आता पोरं बघोत, हसोत, ती एकटी बसून पुन्हा पहिल्यापासून शिकणार होती. दिवाळीला रुचिका येईपर्यंत पाच महिने होते.

नवनाथने सीडी लावली. चौकट आली आणि नंबर मागू लागली.

"व्हायरस आला होता, वैनी," तो खाली मान घालून म्हणाला. "मार्च महिन्यात सगळ्या मशीनी पुसून काढाव्या लागल्या. मशीन तेच हाय, पण त्याला आता हे नवंच वाटायलंय."

त्याने जुनी वही काढून सोळा आकडे भरले. चौकटीने नाही म्हटलं. पुन्हा भरले. मग त्याने पुण्याला फोन लावला आणि कानाला धरून बराच वेळ थांबला. मग रिसीव्हर तिच्याकडे दिला. एक बाई सांगत होती की आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. स्वच्छ, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखा आवाज. ती तेच पुन्हा सांगत होती.

नवनाथने पुढच्या महिन्यात पुण्याला जाणाऱ्या एकाला डब्यावरच्या पत्त्यावर पाठवलं. तिथे आता मोटारीच्या टायरचं दुकान होतं. बीडच्या शाळेत पालकांसाठी दर शनिवारी वर्ग असतो असं कळल्यावर शिवकांता दोन शनिवार गेली. तिसऱ्या शनिवारी चन्नप्पा पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती घराबाहेर पडण्याचे दिवस संपले. त्या दोन शनिवारी रुचिकाला भेटता आलं, पण आईबाप दिसले की मुली त्यांच्यामागे गावी पळायला बघतात म्हणून भेटीला दहाच मिनिटं द्यायचे. त्या दोन वर्गांत ती चाळीसेक शब्द शिकली. पण हात उचलला की तो मध्येच अडकायचा. तिने आरशासमोर उभं राहून पाहिलं. तिने उजवा हात डाव्या हाताने धरून सरळ न्यायचा प्रयत्न केला. आठशे शब्दांतून हातात जे बसलं होतं ते उठत नव्हतं.

दिवाळीला विश्वेश्वर रुचिकाला घेऊन आला. ती उंच झाली होती. तिने दाराशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि हात वर केले. हात वाऱ्यासारखे चालत होते. कुठे अडकत नव्हते, कुठे थरथरत नव्हते; वर जात होते, खाली येत होते, कमरेपाशी वळत होते, एकाला लागून दुसरा शब्द येत होता. शिवकांताने इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. तिला त्यातलं 'आई' कळलं, 'खोली' कळलं, बाकी काही कळलं नाही.

तिने नाही म्हणून मान हलवली. रुचिका थांबली. तिने तेच पुन्हा केलं, जरा सावकाश. शिवकांताने पुन्हा मान हलवली. मग रुचिकाने हात खाली घेतले आणि ती आजोबांकडे गेली. चन्नप्पा बाजेवर पडून होते. त्यांनी दोन बोटांनी तसा कप केला. रुचिका त्या बोटांकडे बघत राहिली, आणि तिने शेजारी बसून त्यांची बोटं हळूच सरळ करून ठेवली. म्हाताऱ्याने तोंडाने चहा मागितला.

पाडव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावचे पोस्टमन निवृत्ती हंडा घ्यायला दुकानात आले. त्यांची लेक माया बरोबर होती; ती बीडला रुचिकाच्याच खोलीत राहायची. मायाच्या एका कानाला थोडं ऐकू यायचं. कानाला मशीन होतं आणि ती जड जिभेने का होईना बोलायची. रुचिकाने तिला ओढतच घरात आणलं. दोघी ओसरीवर समोरासमोर बसल्या आणि हात सुरू झाले. मध्येच माया उताणी पडून हसायची, मध्येच रुचिका तिच्या गुडघ्यावर चापट मारायची.

शिवकांता ताटलीत करंज्या घेऊन बाहेर आली. ताटली ठेवण्याआधी तिने एका हाताने मायाला विचारलं, 'भूक'? तिचा हात मध्ये अडकला, थरथरला आणि पुढे गेला.

मायाने तो हात पाहिला. तिने आपला हात तसाच अडकवत, थरथरवत करून बघितला आणि तिला हसू आलं. मग तिने रुचिकाकडे वळून काहीतरी विचारलं. रुचिका हसली नाही. तिने आईकडे न बघता हाताने थोडंसं काहीतरी केलं. तीन शब्द असतील, किंवा चार. त्यातला पहिला 'आई' होता.

"माया," शिवकांताने हलक्या आवाजात विचारलं, "काय म्हणली गं ती?"

मायाने कानातलं मशीन चाचपलं. आधी रुचिकाकडे पाहिलं, मग ताटलीकडे.

"ती म्हनली," माया जड जिभेने म्हणाली, "आईला बोलायला येत न्हाई."

शिवकांताने मान हलवली. तिने ताटली दोघींच्या मध्ये ठेवली आणि आत न जाता उंबऱ्याशीच उभी राहिली. मुलींनी एकेक करंजी उचलली, दोन-तीन घासांत संपवली, फ्रॉकला बोटं पुसली. ताटलीत अजून करंज्या होत्या, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. दोघींना हात मोकळे हवे होते.